पोटाला आलेला भाव

आमच्या घराण्यात पोट सुटलेला पहिला पुरुष मी. ते पोट एकच दिवस टिकलं, आणि त्या एका दिवसात अकोल्याच्या दलालांनी त्याच्यावर बोली लावली.

हे कळायला तेव्हाचं वऱ्हाड कळलं पाहिजे. साता समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून एक मुलूख आहे, तिथे भाऊबंदकी जुंपली. (तोवर मला वाटे, भाऊबंदकी काय ती आमच्या अकोटातच!) तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि तिथल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या काळ्या रानाची आठवण झाली. कापसाला सोन्याचा भाव आला. काल ज्याच्या अंगात धड बंडी नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागला. आमच्या बाबांनीही घातल्या. आमच्या ढवळ्या बैलाने दोन दिवस त्या मिरवल्या आणि मग गोठ्याच्या खांबावर शिंग घासघासून काढून टाकल्या. घरात खरी अक्कल त्यालाच होती, पण आम्ही त्याचं ऐकलं नाही.

एका सकाळी बाबा चुलीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून या घरात भाकर दिसली नाई पायजे!"

माय नेमकी भाकरच थापत होती. "काहून? भाकरीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"भाकर मजुराची. आपून आता गहू खाऊ. पुऱ्या खाऊ. बासुंदी खाऊ!"

"आन पचन का?"

"येवढा पैसा पचला, मंग पुरी काहून नाई पचणार?"

मायने हातातली भाकर नेऊन ढवळ्याला घातली. (त्या वर्षी आमच्या घरात अंगाने भरला तो फक्त ढवळ्याच.) भाकरीबरोबर कामही सुटलं. मी शेतात गाडीत बसून जायचो, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उतरायचो, छत्री उघडायचो, मजुरांकडे एकवार कपाळाला आठ्या घालून पाहायचो आणि परत गाडीत बसायचो. याला आम्ही शेती म्हणत होतो.

पण एक पंचाईत उरलीच. बाजारात जेवढे म्हणून पैसेवाले दिसत, त्या सगळ्यांना पोटं होती. गादीवर आधी पोट येऊन बसे, मग शेटजी. आणि आमच्या घरातले पुरुष म्हणजे कापूस वेचल्यावर रानात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या! बाबा हळहळत, "पैसा हाये, पन आंगावर दिसून नाई राह्यला." बाबांचं वय झालेलं. त्यांचे धाकटे भाऊ गणपतकाका दम्याने बेजार. (काकांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे लोकांना सल्ला द्यायला ते दिवसभर मोकळे असत.) तेव्हा घराण्याचं पोट वाढवायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली.

माझी बायको कौतिका तेव्हा बाळंतपणाला अकोल्याला, जुन्या शहरात, माहेरी गेली होती. ती असती तर यातलं काहीच झालं नसतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. जाताना गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाली, "माह्या मांगं हे लोक तुमाले काहीबी चारतीन. भाकर सोडू नका. भूक लागली तं खाजा, नाई लागली तं उठून जाजा. ध्यानात राहीन ना?"

"राहीन," मी म्हणालो. आणि राहिलंही असतं. पण माझा स्वभाव असा की जो शेवटी बोलेल त्याचंच मला पटतं, आणि कौतिका गेल्यावर घरात पुष्कळ जणांना बोलायचं होतं.

पुढे मुलगी झाल्याचा निरोप आला. मायने गावभर साखर वाटली. मला मात्र एकच ध्यास लागला, कधी एकदा जातो, लेकीचं तोंड पाहतो आणि दोघींना घरी आणतो. "जाशीन बापा," माय म्हणायची, "पन आधी आंगानं जरा भर. सासऱ्यापुढं असा गेला तं काय म्हनन तो?" म्हणजे लेक पाहायची तर आधी पोट पाहिजे, असं ठरलं.

अशात आठवडी बाजारात एक वैद्यराज उतरले. डोक्याला भगवा फेटा, गळ्यात कसलेसे मणके आणि आवाज असा की चार दुकानं पलीकडचा कुंभार आपली मडकी सावरून धरी. मोठा आवाज ऐकला की मला ज्ञान जवळ आल्यासारखं वाटतं. मी बाबांना घेऊन गेलो.

"पुष्टीपाक!" वैद्यराज गरजले. "काटकीचा ओंडका होतो! दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी!"

बाबांनी बरणीत डोकावून पाहिलं. काळपट, चिकट असं काहीतरी होतं. "याच्यात काय काय हाये?"

वैद्यराजांनी डोळे मिटले. "सांगितलं की गुण जातो."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पाहा, याला म्हणतात विद्या! बरण्या घेतल्या. निघताना वैद्यराज म्हणाले, "आधी अंगातली घाण निघेल. घाबरायचं नाही. घाण निघाली की मग मांस धरेल."

घाण निघू लागली. काय सांगू तुम्हाला! पहाटे निघाली, दुपारी निघाली, पाहुणे बसले असताना निघाली. मी हातात लोटा घेऊनच वावरू लागलो. गावातले लोक मला नमस्कार करायचेही थांबले, उगाच माझा खोळंबा नको म्हणून. मी कळवळून म्हणायचो, "बाबा, गुण येऊन नाई राह्यला!" बाबा म्हणायचे, "अबे, हाच तं गुण! किती घाण होती बाप्पा तुह्या आंगात! बरं झालं, येळेवर घेतला." पोट बिघडलं की पाक लागू पडला, आणि एखादा दिवस बिघडलं नाही की मात्रा वाढवा. या शास्त्रात पाक चुकायला जागाच नव्हती.

गणपतकाकांना मात्र वैद्य पसंत नव्हता. त्यांचा विश्वास फक्त ढवळ्यावर. गोठ्यात उभं राहून ते मला म्हणाले, "पाह्य याच्याकडं. काय खाते हा? सरकी! म्हशीले सरकी चारली तं दूध घट्ट, बैलाले चारली तं खांदा घट्ट. मंग मानसाले काहून नाई चालणार?"

हे मला फारच पटलं. (ते शेवटी बोलले होते.) कापूस पिकवणाऱ्याच्या घरात सरकीला काय तोटा? काकांनी ती कुटून, गुळात घालून लाडू वळले. लाडू दाताखाली आला की भिंत चावल्यासारखं वाटे, आणि पोटात गेला की भुकेचं नावच निघत नसे. काका म्हणत, "पाह्य, कसं पोट भरून राहाते दिवसभर!" मायचा विश्वास ना पाकावर, ना सरकीवर. तिचा विश्वास तुपावर. ती वाटीभर तूप तोंडाला लावायची आणि वर बजावायची, "तुपावर पानी पिऊ नोको, छातीत गोठते." काका सांगत, सरकीवर दूध पाहिजेच. वैद्यराजांनी तर पाकावर दूध सक्त वर्ज्य केलेलं! त्यामुळे काय कशाच्या आधी आणि काय कशाच्या नंतर, हे बसवताना माझा अख्खा दिवस खाण्यात जाई, आणि जो उरे तो लोट्यात.

आमच्या अंगणात कापूस तोलायचा मोठा काटा होता. बाबा मला दर बाजारच्या दिवशी एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्यात धोंडे ठेवत. पहिल्या खेपेला धोंडा कमी झाला. दुसऱ्या खेपेला आणखी एक उतरवावा लागला. पुढे पुढे तर मी पारड्यात पाय ठेवला तरी काट्याला त्याची खबर नसे. बाबांनी कपाळाला हात लावला. "काटाच खराब झाला वाटते."

"तुमच्या पाकानं वाळला तो!" काका म्हणाले.

"माहा पाक? तुह्या सरकीनं!"

"आन तुपानं तगला म्हना तरी," माय म्हणाली.

मी पारड्यात बसून तिघांनाही मान डोलावत होतो.

व्हायचं तेच झालं. वऱ्हाडात कापूस गाडीने जातो आणि गोष्ट तिच्या पुढे. माझे सासरे अकोल्याच्या बाजारात कापसाची दलाली करत. त्यांच्या कानावर गेलं, जावई खंगला, जावयाला भलतंच दुखणं लागलं, जावई काही ही दिवाळी पाहत नाही! त्यांचा निरोप आला: "जावाईबापूईनं खुद यावं. डोळ्यानं पाह्यन, धट्टाकट्टा दिसला तं पोरीले आन नातीले संगं धाडीन. नाई तं दोघीबी माह्याच घरी राहतीन."

मी ओसरीवर बसून चक्क रडलो. लेक तिकडे मान धरायला लागली असेल, आणि बाप इथे सरकीचे लाडू फोडतोय!

"रडतं काय बे!" काका म्हणाले. "पोटच पाह्यजे ना त्याले? मंग पोट देऊ!"

काकांची युक्ती अशी की माझ्या बाराबंदीच्या आत कापूस भरायचा. मायने पोटाला आधी लुगड्याचा पट्टा गुंडाळला आणि मग त्यात वेचलेला, सरकी काढलेला कापूस ठासायला घेतला. घरात साधा कापूस ढीगभर होता. पण बाबांची मान आडवी! "जावई बनून चालला, आन पोटात हलका माल? काय म्हनतीन अकोल्याचे लोक? बनी भर, बनी!" बनी म्हणजे आमच्या रानातला लांब धाग्याचा, सगळ्यात भारी कापूस. ज्याला कोणी पाहणार नाही असा कापूस उंची असला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तो भरला. गाल बसलेले दिसत होते, त्यावर काकांनी दोन्ही गालांत एकेक जाडजूड विडा कोंबला. आरशात पाहिलं तर अगदी शेटजी! फक्त बोलता येत नव्हतं, 'हूं' एवढंच निघे.

निघताना बाबांनी अंगात तेज यावं म्हणून पाकाची मात्रा दुप्पट दिली आणि उरलेली बरणी बरोबर बांधून दिली.

काकांनी गाडी हाकली. पूर्णा नदीपर्यंत सगळं ठीक होतं. भर पात्रात गाडीचं चाक वाळूत रुतलं. काकांना दमा, म्हणून मला उतरावं लागलं. कंबरेइतक्या पाण्यात उतरून मी चाकाला खांदा लावला. आता कापसाला पाणी दिसलं की तो काही मागेपुढे पाहतो का? चाक निघालं तेव्हा माझं पोट गुडघ्याकडे निघालं होतं.

"पिळून घे!" काका ओरडले.

मी हातवारे करून सांगितलं, पिळलं तर पोट जाईल.

"मंग तसाच राहा. वजनदार दिसून राह्यला, बरं का!"

माझे सासरे कोण ते एकदा नीट सांगतो. पाणी मारून वजन वाढवलेला कापूस ओळखण्यात अख्ख्या बाजारात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बोजात कोपरापर्यंत हात घालायचे आणि कापूस कोणत्या गावचा, कधी वेचलेला, त्यात पाणी नदीचं मारलं का विहिरीचं, सगळं सांगून मोकळे! अशा माणसापुढे मी ओलं पोट घेऊन गेलो.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत गाडी थांबली. ओट्यावर सासरे आणि त्यांचे दलाल मित्र गप्पा मारत बसले होते.

"या, या, जावाईबापू!" सासरे उठून उभे राहिले. "आमी तं भलतंच आयकलं होतं बाप्पा! हे पोट पाह्यलं आन जीव भांड्यात पडला!"

"हूं," मी म्हणालो आणि ओट्यावर बसलो. बसल्याबरोबर माझ्याखालून पाण्याचा एक ओघळ निघाला आणि ओट्यावरून संथपणे सासऱ्यांच्या जोड्यांकडे वाहत गेला.

"पाय धुवून आले वाटते," सासरे म्हणाले.

"हूं."

तेवढ्यात कौतिका दारात आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काका एकदम गाडीचं जू तपासू लागले. सासऱ्यांनी तिच्याजवळची लेक घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

आणि मी सगळं विसरलो. पाक, सरकी, विडे, पोट, काही आठवेना. एवढंसं तोंड, त्यात माझ्या मायची हनुवटी आणि कौतिकाचे डोळे! माझे डोळे भरून आले. म्हणायचं होतं, 'माही माय, कवाची वाट पाहून राह्यलो तुही!' तोंडातून निघालं, "हूं."

लेकीने माझ्याकडे नीट पाहिलं, हात पुढे केला, बाराबंदीच्या फटीत बोटं घातली आणि बापाच्या पोटातून मूठभर कापूस बाहेर ओढला.

सासऱ्यांचा हात सवयीने आपोआप पुढे गेला. त्यांनी नातीच्या मुठीतून कापूस सोडवला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला आणि उजेडात धरला.

"बनी," ते म्हणाले. "अकोटचा. अव्वल माल हाये. पन पानी मारलं. पूर्णेचं."

"पाहू?" शेजारचा दलाल पुढे सरकला आणि मला न विचारता-सवरता कोपरापर्यंत हात माझ्या पोटात घातला! "खरंच बनी बाप्पा! इतका लांब धागा आवंदा बाजारात नाई."

"भाव काय म्हनता?" तिसऱ्याने तर सासऱ्यांच्या हातावर रुमालच टाकला. कापसाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, म्हणजे तिऱ्हाइताला भाव कळत नाही. इथे तिऱ्हाईत मीच होतो! माझ्याच पोटावर बोटं दाबली जात होती आणि मला भाव कळत नव्हता. चौथा थेट मला म्हणाला, "माल देता का?"

"हूं!" मी घाबरून म्हणालो.

"झालं! मालक कबूल हाये!"

सौदा कुठवर गेला असता कोण जाणे. पण त्याच क्षणी सकाळच्या दुप्पट मात्रेला जाग आली. मी लेक कौतिकाच्या हातात दिली, ओट्यावरचा लोटा उचलला आणि मोर्णेच्या दिशेने जो सुटलो! पट्टा ढिला झाला, बाराबंदीचे बंद सुटले आणि गल्लीभर माझं पोट पुंजक्यापुंजक्याने पडत गेलं. मागून काका पुंजके वेचत धावत होते आणि ओरडत होते, "अबे, बनी हाये! मातीत सांडू नोको!"

परत आलो तेव्हा मी पुन्हा पऱ्हाटी झालो होतो. विडेही वाटेत पडले होते. मित्रमंडळी पांगली होती. सासरे एकटेच बसले होते.

"जावाईबापू, भेसळीचा माल आला तं म्या वापस धाडतो. तुमाले कुठी धाडू?" मी खाली मान घातली. "म्या काय पोट पाहून पोर देली होती? कामाचा मानूस पाहून देली होती. ह्या हालात म्या तिले तुमच्या संगं नाई धाडत. आन नातीले तं नाईच नाई."

माझा चेहरा पाहून कौतिका पुढे आली. तिला राग आला होता, हसूही येत होतं, आणि दोन्ही एकाच पदराने झाकता येत नव्हतं. "काय काय खाल्लं, सांगा एकडाव."

मी सांगितलं. पुऱ्या, बासुंदी, पाक, तूप. सरकी म्हटल्यावर ती खालीच बसली.

"सरकी? अवो माय! अवो, बैल सरकी खाते, मंग सावलीत बसून रवंथ करते. तुमी केली का रवंथ?"

"ते काकानं सांगतलंच नाई," मी म्हणालो.

आता सासरेही पदर शोधू लागले. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांना हाक मारली. त्यांनी माझी नाडी पाहिली, बरणीतलं बोटाला लावून हुंगलं आणि जिभेला लावून थुंकलं. "गुड़, सोनामुखी और हरडा. मियाँ, ये तो निरा जुलाब है! कितने दिन से ले रहे?"

"पावसाळ्यापासून," मी म्हणालो.

हकीमसाहेबांनी आकाशाकडे पाहून देवाचं नाव घेतलं. "और भूक? भूक कब लगती?"

मी विचार केला. खरंच, भूक लागून मी शेवटचं कधी जेवलो होतो? भुकेला यायला मधे सवडच कुठे मिळाली होती!

"ये सब बंद," हकीमसाहेब उठले. "ज्वार की रोटी, दाल, छाछ. और पाँव से चलो, बैल के पाँव से नको."

"आन दवा?"

"दवा काहे की?"

मला फार अपमान वाटला. एवढं नामांकित दुखणं घेऊन अकोल्याला यावं, आणि त्याला उतारा काय, तर भाकर! मी साफ सांगितलं, दवा नसेल तर मला गुण येणार नाही, आणि भाकर तर आमच्या घराण्यात चालतच नाही. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. कौतिका लगेच 'बरं' म्हणाली आणि आत गेली. (मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.)

दोन दिवसांनी ती झाकलेली वाटी घेऊन आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "हकीमसायबानं हैदराबादेहून मागवली. लय भारी दवा हाये. कोनाले बोलू नका."

आत करड्या रंगाचे गोळे होते. "कशी घ्याची?"

"मोर्णेवरून पायी फिरून आल्यावर. पोटात कावळे ओरडले तरच. आन वरून ताक."

"कावळे नाई ओरडले तं?"

"तं नाई घ्याची. बाधते."

हैदराबादची दवा म्हटल्यावर मी एक शब्द बोललो नाही. पहिला गोळा डोळे मिटून खाल्ला. चव ओळखीची वाटली. "हे कुठंतरी खाल्ल्यावानी वाटून राह्यलं."

"मांगच्या जन्मी घेतली असन," ती म्हणाली.

काय दवा होती! दोन-चार दिवसांत लोटा कोपऱ्यात गेला. आठवड्याभरात झोप लागू लागली. मोर्णेपर्यंत रखडत जाणारा मी पुढे सासऱ्यांबरोबर बाजारात दिवसभर उभा राहून बोजे उचलू लागलो. लेक माझ्या खांद्यावर मान टाकून झोपायची, आणि तो खांदा तिला टोचत नव्हता. शेवटी एक दिवस सासऱ्यांनी माझा दंड दाबून पाहिला. "हं. आता माल कोरडा हाये, आन खरा हाये. न्या पोरीले."

अकोटला आम्ही तिघं वाजतगाजत आलो. मी बाबांना दवेबद्दल सांगितलं आणि बाबा चुलीपाशी जाऊन गरजले, "आजपासून या घरात सगळे हैदराबादी दवाच घेतीन!" त्यांना दवा मानवली. काकांनाही मानवली. दवेची मागणी इतकी वाढली की कौतिकाला पहाटे उठून जातं फिरवावं लागे. मला तर तिची कीवच यायची, हैदराबादहून इतकी दवा आणायची, वर ही ज्वारीही दळायची!

पुढे अमेरिकेतली भाऊबंदकी मिटली आणि कापसाचा भाव बसला. शेंब्या मोडल्या. एके दिवशी बाबा तोंड पाडून कौतिकाला म्हणाले, "सूनबाई, आता ते हैदराबादी काही परवडणार नाई वो. आता आपली भाकरच खाऊ."

"जशी तुमची मर्जी, मामाजी," कौतिका खाली मान घालून म्हणाली. पदर तिने दातात का धरला होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

ते तिने आत्ता, या वर्षी सांगितलं, लेकीचीही लेक सासरी गेल्यावर. शिळी भाकर कुस्करायची, गूळ घालायचा, जवसाची चिमूट टाकायची, बस्स! नातवंडं लोळून हसली. मीही हसलो, काय करता! पण मनाला काही पटेना. भाकर होती हे कबूल. पण नुसत्या भाकरीने माणूस असा उठून उभा राहील? सगळे पांगल्यावर मी हळूच विचारलं, "कौतिके, खरं सांग. भाकर तं होतीच. पन त्याच्यात आनखी काही होतं ना?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाली, "होतं."

"काय?"

"सांगतलं की गुण जाते."

मी आदराने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.